अव्वल खेळाडू करारबद्ध केला की संघ लगेच जिंकतो का?

प्रश्न:
एनबीएमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, करार संपून मोकळा झालेला एखादा अव्वल खेळाडू संघात आला की चाहते लगेच विजेतेपदाची स्वप्ने पाहू लागतात. पण संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा (वेतनमर्यादा) असताना एवढे मोठे खेळाडू एकाच संघात जमतात कसे?

प्रतिसाद १:
सगळे गणित वेळेचे असते. २०१६ मध्ये दूरचित्रवाणीच्या नव्या करारामुळे वेतनमर्यादा सुमारे ७ कोटी डॉलरवरून एकदम ९.४ कोटींवर गेली आणि आदल्या हंगामात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सना केविन ड्युरंटला घेणे शक्य झाले. तरीही जागा करण्यासाठी हॅरिसन बार्न्स आणि अँड्र्यू बोगट यांच्यावर पाणी सोडावे लागले. घोट्याच्या दुखापतींच्या काळात केलेल्या जुन्या करारामुळे स्टीफन करी तुलनेने फारच कमी वेतनावर खेळत होता, आणि माझ्या मते ही बाब सर्वांत निर्णायक होती.

प्रतिसाद २:
वॉरियर्सनी पुढची दोन्ही विजेतेपदे पटकावली हे खरे, पण मायामी हीटचा अनुभव वेगळा आहे. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश तेथे आले, तरी २०११ च्या अंतिम फेरीत डॅलसने त्यांना हरवले, कारण जेम्स आणि तेथे आधीपासून असलेला ड्वेन वेड या दोघांनाही चेंडू स्वतःच्या हातात ठेवून खेळण्याची सवय होती. पुढील वर्षी दुरूनही नेम साधणाऱ्या बॉशला सेंटरच्या, म्हणजे एरवी बास्केटखाली थांबणाऱ्या उंच खेळाडूच्या, जागी खेळवल्यावर बास्केटखालची गर्दी कमी झाली, जेम्सला आत घुसायला वाट मिळाली आणि मगच विजेतेपद हाती आले.