मदत हवी आहे: २० जणांसाठी चवळीची उसळ, दाणे अख्खे राहायला हवेत

नमस्कार मंडळी, आम्ही अटलांटाला असतो, इकडे अमेरिकेच्या दक्षिणेत १ जानेवारीला चवळी खाल्ली की वर्ष भरभराटीचं जातं असं मानतात. चवळी आणि भात एकत्र, त्याला हॉपिन जॉन म्हणतात, सोबत कॉलर्ड ग्रीन्सची भाजी (नोटांसारखी हिरवी म्हणून ती पैशाची!) आणि कॉर्नब्रेड. चवळी मूळची आफ्रिकेतली, गुलाम करून आणलेल्या लोकांबरोबर इकडे आली, त्यामुळे शेजारच्या आजी फार मायेने करतात, पण त्यात पोर्क असतं आणि आम्ही शाकाहारी. म्हणून यंदा त्यांच्याकडे मी आपली उसळ नेणारे, गोडा मसाला, ओलं खोबरं, गुळाचा खडा घालून.

अडचण अशी की मोड आलेली चवळी कुकरला लावली की एका शिट्टीतच सालं सुटतात आणि पिठलं होतं, पातेल्यात शिजवली तर काही दाणे मऊ काही कचकचीत. आमसूल मी शेवटीच घालते, आंबट आधी पडलं की दाणा शिजत नाही. मोड न आणता नुसती भिजवून केली तर चव उतरेल का? आणि थंडीत मोड यायला काय करता, ओव्हनचा दिवा लावून आत ठेवलं तर चालेल का? शिवाय तिथे दोन-तीन तास गरम ठेवायचीय, रस किती ठेवू?

ज्या ताई-दादांनी मोठ्या प्रमाणात केलीय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.