मदत हवी आहे: दाजी थांबलेल्या गाडीत झोपले होते तरी ड्रंक अँड ड्राइव्हची केस केली

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातलाच आहे, कुणाला कायद्याची माहिती असेल तर प्लीज सांगा, घरात सगळे लई टेन्शनमध्ये आहेत.

शनिवारी रात्री आमचे दाजी मित्राच्या पार्टीला केर्लीजवळच्या एका ढाब्यावर गेले होते. थोडी घेतली, खोटं बोलत नाही. पण आपण घेतलीय तर गाडी चालवायची नाही म्हणून त्यांनी स्वतः ११.१० ला मला फोन केला, की तू ये आणि गाडी घरापर्यंत ने. मी उचगावातून मित्राला मागं बसवून बाईकवर निघालो तर शिवाजी पुलाच्या अलीकडं टायर पंक्चर, एवढ्या रात्री दुकान कुठलं उघडं, दुसऱ्या मित्राला उठवून त्याची गाडी मागवली यात पाऊण तास गेला. तोवर दाजी ढाब्याच्या पार्किंगमध्येच ड्रायव्हर सीट मागं पाडून, चपला काढून झोपलेले. उकाडा होता, काच खाली केली की डास, म्हणून गाडी चालू करून एसी लावलेला. गस्तीची गाडी आली, काचेवर टकटक करून उठवलं, मशीनमध्ये फुंकायला लावलं, रीडिंग ६८ आलं आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लावलं. मी पोचलो तेव्हा कागदावर सह्या चालू होत्या. मी हात जोडून सांगितलं साहेब मी न्यायलाच आलोय, ऐकलं नाही.

दाजी दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर आहेत, लायसन गेलं तर घर कशावर चालणार? सगळे म्हणतात कोर्टात गुन्हा कबूल करा, १० हजार भरा, मोकळे व्हा. ताईनं तर पैशाची जुळवाजुळवपण सुरू केलीय. पण गाडी जागची हलली नाही तर कबूल कशाला करायचं? मी वेळेत पोचलो असतो तर हे झालंच नसतं, हे डोक्यातून जात नाही.

प्रतिसाद १:
भावा, आधी ताईंना थांबवा. मी बावड्याच्या कोर्टात वकिलांकडं कारकून आहे, रोज बघतो. १८५ मध्ये शब्द आहेत 'चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना' आणि १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमच्या वर. म्हणजे नुसतं रीडिंग जास्त येऊन भागत नाही, चालवणं किंवा प्रयत्न पण दाखवावा लागतो. तुमचा अडचणीचा मुद्दा एकच, इंजिन चालू होतं, तोच प्रयत्न होता असं ते म्हणणार. म्हणून सीट पाडलेली, चपला काढलेल्या, तुम्हाला केलेला फोन, हे सगळं कामाचं आहे. कागदाची नक्कल घ्या आणि बघा, 'गाडी चालवताना मिळून आला' लिहिलंय का 'गाडीत बसलेला मिळून आला', लई फरक पडतो. ढाब्याचा सीसीटीव्ही पुसला जायच्या आत कॉपी करून घ्या, मालकाला आजच भेटा. अटक दाखवली असेल तर दोन तासांत डॉक्टरकडं नेलं का, ती वेळही तपासा.

कबूल केलं की दोषी म्हणून नोंद होते, पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार दंड किंवा दोन्ही, आणि कोर्टाला लायसनवर निदान ६ महिन्यांची बंदी घालावीच लागते. ड्रायव्हर माणसाला ते परवडणारं नाही. चांगला फौजदारी वकील बघा.

प्रतिसाद २ (धागाकर्ता):
दादा, लई आभार. नक्कल बघितली, 'चालवताना' असंच लिहिलंय, दाजींनी न वाचता सही केली म्हणे. ढाब्याच्या मालकाला फोन लावला, कॅमेरा पार्किंगकडंच आहे आणि शनिवारचं अजून आहे म्हणतोय. पेनड्राइव्ह घेऊन आत्ताच निघालोय. पंक्चर झालेल्या बाईकचा फोटो पण मी त्या रात्री ग्रुपवर टाकलेला, वेळेसकट, तो चालेल का?