रोज नेसायला कोणता किल्ट: आठवारी की चारवारी?

लीथकर (धागाकर्ता)
स्कॉटलंडला आलेली आपली मंडळी एखाद्या लग्नात हौसेने किल्ट नेसतात आणि दुसऱ्या दिवशी म्हणतात, दिसतो झकास, पण रोज कोण घालणार? मी एडिनबरोत ऑफिसला किल्ट नेसून जातो. माझ्या मते घोळ किल्टचा नाही, मागच्या चुण्यांचा आहे.

ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी: किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, कमरेला गुंडाळायचा लोकरी घागरा. पुढे दोन सपाट पदर एकावर एक, चुण्या सगळ्या मागे. कमरेपासून बैठकीपर्यंत त्या शिवलेल्या, खाली मोकळ्या. दुकानात अस्सल म्हणून दाखवतात तो आठ वारांचा, नाइफ प्लीटचा. त्यात पंचवीस-तीस अरुंद चुण्या एकाच दिशेला दुमडलेल्या असतात. बॉक्स प्लीटची चुणी दोन्ही बाजूंनी आत वळते, शाळेच्या पिनोला असते तशी. चार वारांत अशा आठ-दहाच बसतात.

आता वजन बघा. टार्टन, म्हणजे किल्टचं चौकटींचं लोकरी कापड, दुहेरी पन्ह्याचं येतं, म्हणून आठवारीला प्रत्यक्षात चार वार लागतं. वाराला १६ औंसाचं जाड कापड धरलं तर ६४ औंस, म्हणजे १.८ किलो. चारवारी त्याच्या निम्मा. शिवाय बसताना आठवारीच्या चुण्या हाताने खाली सारून नीट पसराव्या लागतात. एक जरी उलटी दुमडली तरी तिच्यावर तासभर बसल्यावर इस्त्रीशिवाय ती घडी जात नाही. बसमध्ये, मीटिंगमध्ये, जेवायला, दर वेळी तेच. बॉक्स प्लीट सपाट पसरते आणि विषय संपतो.

आणि चारवारी म्हणजे पैसे वाचवायची पळवाट, हा समज तर मुळातच चुकीचा. १७९० च्या दशकातले सुरुवातीचे शिवलेले किल्ट बॉक्स प्लीटचेच होते, कापडही साधारण चार वार किंवा त्याहून कमी.

दमसास
साफ असहमत. मी पाइप बँडमध्ये, म्हणजे बॅगपाइपच्या पथकात वाजवतो, पावसात-वाऱ्यात मैलभर चालत. आठवारीचं वजन हे ओझं नव्हे, तो आधार आहे. पाऊल टाकलं की अरुंद चुण्या एकामागून एक उघडतात आणि आपोआप जागेवर येतात. मांडीला कापड अडत नाही, गुडघा मोकळा राहतो. शिवाय कंबर आणि पाठीचा खालचा भाग लोकरीच्या इतक्या थरांखाली असतो की फेब्रुवारीतही थंडी लागत नाही. चारवारी नेसून एडिनबरोच्या वाऱ्यात नॉर्थ ब्रिज या पुलावरून एकदा चालून दाखवा!

इतिहासाचं म्हणाल तर गॉर्डन हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर नाइफ प्लीट घेतली. सैन्यात चालणं रोजचंच असतं.

लीथकर
आर्गाइल अँड सदरलंड हायलँडर्स ही दुसरी पलटण, ते बॉक्स प्लीटवरच राहिले, तेही चालतच होते की. वाऱ्याचं म्हणाल तर किल्ट उडतो तो कापड हलकं असल्यामुळे. किती वार आहे हा मुद्दा नाही, एका वाराचं वजन किती हा आहे. १० औंसाचा आठवारी फडफडेल, १६ औंसाचा चारवारी पायाशी राहील. नॉर्थ ब्रिज माझ्या रोजच्या वाटेवर आहे.

थरांच्या उबेबद्दल मात्र तुमचं बरोबर. पण तीच ऊब ऑफिसच्या हीटिंगमध्ये दुपारपर्यंत नकोशी होते.

सुईदोरा
मी शिवणकाम करते, म्हणून आतल्या बाजूचं सांगते. आठवारीत इतके थर एकावर एक येतात की कंबरेशी जाडी कमी करायला शिवलेल्या भागाच्या आतलं कापड कापून टाकतात आणि वर कॅनव्हास लावतात. एकदा कापलं की पुढे वाढवायला वाव फार कमी. चार वारांच्या बॉक्स प्लीटला बहुधा कापावं लागत नाही. रोज घालायचा कपडा म्हणजे पोट वाढणार, कमी होणार, तो उसवून पुन्हा शिवता आला पाहिजे. इथे माझं मत चारवारीला.

पण धागाकर्ते एक गोष्ट टाळताय. चारवारीत बहुधा एका चुणीत टार्टनची एक पूर्ण चौकट खपते. चौकट लहान असेल तर चुण्या उथळ होतात. त्यातून माणूस अंगाने भरलेला असेल तर पदरांनाच इतकं कापड जातं की मागे चुणी नावालाच उरते. तेव्हा चालताना ओढ बसते, कड पायाला घासते. अशा माणसाला पाच-सहा वार लागणारच. सरसकट चार वार सांगू नका.

लीथकर
हे मान्य. माझी कंबर ३२ आहे, त्यावरून सगळ्यांचं माप काढता येणार नाही. बैठक रुंद असेल तर वार वाढवा, प्लीट बॉक्सच ठेवा.

अबर्डीनची आई
लेक हायलँड डान्स शिकते. गिरकी घेतली की नाइफ प्लीट फुलते आणि थांबताच मिटते, त्यासाठी दुसरा प्रकार मी घेणार नाही. पण स्पर्धेच्या आदल्या रात्री प्रत्येक चुणीवर ओलं फडकं ठेवून इस्त्री, प्रवासाला निघताना चुण्यांना कच्चे टाके, पोचल्यावर ते काढणं... रोज हे करा म्हणणाऱ्यांनी इस्त्री स्वतः करावी.

डोंगरवाट
सुती, खिशांचे युटिलिटी किल्ट कुणी विचारातच घेत नाही? मोबाइल, किल्ल्या, सगळं मावतं. सिएटलच्या युटिलिकिल्ट्स कंपनीने २००० सालीच ते सुरू केलं.

दमसास
हायलँड्सच्या पावसात सुती कापड भिजलं की गार पडतं आणि लवकर वाळत नाही. लोकर भिजली तरी ऊब देते. खिशांसाठी स्पोरन, म्हणजे पुढे कमरेला लटकवायचा बटवा, आहेच, बसताना बाजूला सरकवायचा.

लीथकर, तुमचा १६ औंसांचा मुद्दा मला पटला, फक्त चालण्याचा नाही. चौथ्या मैलाला उथळ चुणी कशी वागते ते ऑफिसच्या वाटेवर कळत नाही.

लीथकर
मग एडिनबरोतल्या आर्थर्स सीट टेकडीवर एक फेरी मारू, तुम्ही आठवारीत, मी चारवारीत. चढ, उतार आणि वर खडकावर बसून डबा. सुईदोरा, तुम्ही सांगा, परत आल्यावर कड, शिवण आणि घड्या यांत नेमकं काय तपासायचं?

सुईदोरा
शिवलेला भाग जिथे संपतो तिथे प्रत्येक चुणीच्या तोंडाशी बघा. ओढ बसली असेल तर टाका तिथेच सैल होतो. आणि बसण्याआधी नाही, बसून उठल्यावर लगेच फोटो काढा, दोघांचेही, मागून.