काल्पनिक विश्वांची ताकद तोलताना प्लेटो कसा लावायचा? वाचन सुचवा

खानापूरकर
नमस्कार मंडळी. आम्ही मित्र-मित्र कॉमिक्स, मांगा, फँटसी कादंबऱ्यांतल्या विश्वांची तुलना करतो: कुणाचं विश्व वरचढ, कुणाचा देव कुणाला भारी. सध्या एका कथेवरून जोरात वाद चाललाय. तिच्यात सगळ्या जगांच्या वर ‘शुद्ध रूपांचा लोक’ आहे. मित्र म्हणतोय, हे प्लेटोचं आहे, म्हणजे तो लोक सगळ्या मितींच्या पलीकडे, विषय संपला. मला पटत नाही, पण खोडून काढायला वाचन नाही. बी.एस्सी.ला आहे, बेळगावला जाता-येता रेल्वेत वाचता येतं. इंग्रजी चालेल. सुरुवात कुठून करू?

वडगावचा माग
प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादापासून कर. समासात जे आकडे छापलेले असतात त्यांतला ३८९ शोध. जोवेटचा जुना अनुवाद नेटवर फुकट मिळतोय.

तिथं सॉक्रेटिस धोट्याचं (मागावर आडवा धागा नेणारं लाकडी साधन) उदाहरण घेतो. सुतार धोटा करत असताना तो मोडला, तर दुसरा करताना तो मोडक्या धोट्याकडे बघेल, की धोट्याच्या मूळ रूपाकडे? आमच्या घरात माग होता, म्हणून मला हे लगेच भिडलं. धोटा झिजतो, टोकाला चिरतो, नाडा सुटून येतो. धोट्याचं रूप झिजत नाही. पण ते रूप मागात घालून एक वीतभर कापडसुद्धा विणता येत नाही, हेही लक्षात घे.

तुझ्या मित्राचं इथंच अडतंय. रूप म्हणजे पाचव्या-सहाव्या मितीतली प्रचंड वस्तू नव्हे. ते जागेतच नाही, त्यामुळं मिती मोजून त्याला वर चढवता येत नाही. ‘टिमेअस’मध्ये विश्व घडवतो तो कारागीर देव, रूपांकडे बघून. रूपं स्वतः उठून काही करत नाहीत. म्हणून तुलना करताना ‘किती मोठं’ हे सोडून ‘कोण कुणावर अवलंबून’ हे विचार. खालचं जग नष्ट झालं तर वरच्याला धक्का बसतो का? वरचं नसेल तर खालचं उरतं का? याची उत्तरं कथेतच मिळायला पाहिजेत. लेखकानं प्लेटोचं नाव घेतलं म्हणून गुण द्यायचे नाहीत.

निपाणीकर
वरच्याशी सहमत, पण मित्राची बाजूही नीट मांडूया. ‘रिपब्लिक’च्या सहाव्या भागात (५०९) ‘शिव’ (देव नव्हे, ‘चांगलं’ या अर्थी, इंग्रजीत the Good) हे तत्त्व श्रेष्ठता आणि सामर्थ्य या दोन्हींत अस्तित्वाच्याही पलीकडे आहे, असं स्पष्ट म्हटलंय. त्याचा सगळ्यात भक्कम आधार हाच. मात्र तिथली उपमा सूर्याची आहे: त्याच्यामुळं बाकीचं दिसतं आणि वाढतं. लढाईचा तिथं संबंध नाही.

मग ‘पार्मेनिडीज’चा पहिला भाग वाचच. रूपावर रूप, त्यावर आणखी रूप असे अनंत थर दाखवून गुण मागणारे पुष्कळ भेटतात. ते थर १३२ मध्ये येतात, पण सिद्धांतावरचा आक्षेप म्हणून! आणि १३३-१३४ तर तुमच्या वादासाठीच लिहिल्यासारखं आहे: रूपांचा लोक आपल्यापासून पूर्ण तुटलेला असेल, तर देवांची आपल्यावर सत्ताही चालणार नाही आणि त्यांना आपलं ज्ञानही होणार नाही. जितकं अलिप्त तितकं बलवान, हे समीकरणच तिथं मोडतं.

प्लोटायनस हा प्लेटोच्या परंपरेतला नंतरचा तत्त्वज्ञ आत्ता नको. त्याचं ‘एक’ हे सर्वोच्च तत्त्व प्लेटोनंतर सुमारे सहाशे वर्षांनी मांडलेलं. बरेच जण ते प्लेटोच्या नावावर खपवतात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

खानापूरकर
दोघांचेही मनापासून आभार. एक राहिलं: आमच्या कथेत त्या लोकातले रहिवासी तलवारीनं लढतात, जखमी होतात, एक तर म्हातारा होऊन मरतो.

वडगावचा माग
मग ती रूपं नव्हेत की रे! ‘सिम्पोझियम’ २११ बघ: बाकीच्या सुंदर गोष्टी उपजतात, नासतात, पण मूळ सौंदर्य त्यानं कमी-जास्त होत नाही. जे म्हातारं होतं ते काळात आहे. तो लोक फक्त वरचं एक जग म्हणून धर, आणि खालच्या जगांवर त्याची सत्ता कथेत जितकी दाखवलीय तितकीच मोज.