लेक डिफेन्सला खेळते, कुणाची कारकीर्द दाखवू?

शिल्पा_क
लेक तेरा वर्षांची. तीन वर्षं फुटबॉलमध्ये पुढे फॉरवर्ड खेळली, या मोसमात सरांनी तिला मागे सेंटर बॅकला, म्हणजे बचावाच्या मधोमध आणलं. सरावाहून आली की शिनगार्ड कोपऱ्यात फेकते आणि "आता माझं नाव कुठेच येणार नाही" म्हणून रडते. बचावात खेळून मोठी झालेली कुणी असेल तर सुचवा.

स्टॉपर४
ताई, बेकी सॉअरब्रन. अमेरिकेकडून २१९ सामने, गोल शून्य. आधी हा आकडा सांगा. मग सांगा की तीच संघाची कर्णधार होती आणि दोन विश्वचषक जिंकली, २०१५ आणि २०१९. २०१५ला पहिल्या सामन्यात ऑस्ट्रेलियाने गोल केला, त्यानंतरचा गोल बसला तो थेट अंतिम सामन्यात जपानकडून. मधली ५४० मिनिटं काहीच नाही, आणि ही सगळा वेळ मैदानात.

मीही कॉलेजात स्टॉपर, म्हणजे सेंटर बॅकच होतो, म्हणून सांगतो: मॅच लावली की बॉल सोडून फक्त तिच्या ४ नंबरच्या जर्सीकडे बघायचं. घसरून टॅकल फार कमी. पास निघायच्या आधीच ही दोन पावलं सरकलेली असते.

रंकाळाकाठ
गोलची हौस असेल तर वेंडी रेनार्ड दाखवा. मूळची कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाची, ल्यों या फ्रेंच क्लबकडून आठ वेळा चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकली. २०२३च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्ध कॉर्नरवर हेडर मारून फ्रान्सला २-१ जिंकवलं.

स्टॉपर४
रेनार्ड थोरच. पण १.८७ मीटर उंची प्रत्येकीला कुठून मिळणार? सॉअरब्रनचं २००८मध्ये पदार्पणातच नाक मोडलं, नंतर बराच काळ संघाबाहेर. २०११च्या विश्वचषकात एकच सामना मिळाला, तोही दुसरीवर बंदी आली म्हणून. २०१५च्या स्पर्धेत ती तीस वर्षांची झाली. तेरा वर्षांच्या पोरीला हे कळायलाच हवं.

शिल्पा_क
काल जर्मनीविरुद्धची २०१५ची उपांत्य मॅच लावली. आधी मोबाइलच बघत होती. मग म्हणाली, "आई, ही सारखी मागे वळून काय बघते?" काय सांगू?

स्टॉपर४
पाठीमागे कोण मोकळी सुटलीये ते! उद्या सरावात बॉल लांब असतानाच तिलाही एकदा मान वळवून बघायला सांगा.