मदत हवी आहे: मिक्सरमधून कॅमेऱ्यात आवाज घेताना फाटतो आणि घरघर येते

नमस्कार मंडळी. इंदूरला राजवाड्याजवळच्या सभागृहात गणेशोत्सवातल्या भजनांचं चित्रीकरण स्वयंसेवक म्हणून करतोय. चित्राची अडचण नाही. 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवलं की एलईडी दिवे लुकलुकत नाहीत. प्रश्न आवाजाचा आहे.

मिक्सरच्या ऑक्स आउटमधून (मुख्य आवाजापेक्षा वेगळं मिश्रण बाहेर देणारा जॅक) वायर थेट कॅमेऱ्याच्या 3.5 मिमी माइक जॅकमध्ये जाते. मिक्सरमधून येणारा लाइनचा सिग्नल माइकच्या शेकडो पट जोरकस, त्यामुळे कॅमेऱ्याचा गेन (आवाज वाढवण्याचं प्रमाण) अगदी खाली आणूनही गायक टिपेला गेला की आवाज फाटतो. वर सतत घरघर. कॅमेऱ्याचा अडॅप्टर काढून तो बॅटरीवर चालवला की ती थांबते, म्हणजे अर्थिंगचा लूप (दोन्ही उपकरणं एकापेक्षा जास्त वाटांनी अर्थला जोडली गेल्याने होणारा) असणार. पण तीन तास बॅटरी पुरत नाही. मिक्सरची अर्थ पिन काढायचा उपाय कृपया सुचवू नका, माइक हातात धरणाऱ्याला शॉक बसू शकतो.

हा लूप तोडणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि सिग्नल कमी करणारा 40 डीबीचा पॅड घ्यायचा विचार आहे. पॅड ट्रान्सफॉर्मरच्या आधी लावायचा की नंतर? पखवाज आणि टाळ ऑक्समध्ये फारच कमी येतात. त्यांच्यासाठी स्टेजजवळ वेगळा रेकॉर्डर ठेवून नंतर जुळवावं का? आणि असा ट्रान्सफॉर्मर इंदुरात भाड्याने कुठे मिळेल?