मदत हवी आहे: थंडीत सकाळी गाडी पटकन स्टार्ट होत नाही (पेट्रोल-सीएनजी, कोल्हापूर)

कळंबेकर

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ची, पेट्रोल, १.२ लिटर, ८६ हजार किलोमीटर झालेत. नोव्हेंबर २०२२मध्ये बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलं. सुरू पेट्रोलवर होते, इंजिन जरा तापलं की आपोआप गॅसवर जाते.

आम्ही कळंब्याला राहतो. गाडी रात्रभर उघड्यावर असते, सकाळी काचेवरून दव ओघळत असतं. बायको नर्स आहे, सातच्या ड्युटीला साडेसहाला निघते. दिवाळीपासून रोजचं हेच. सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरतं, पण पकडत नाही. दुसरा सेल्फ, तिसरा, कधी चौथा. मग फुरफुरत लागते, पाच-दहा सेकंद थरथरते आणि पुढं काही तक्रार नाही. रविवारी मी लक्ष्मीपुरीत बाजाराला नेतो, दहा ठिकाणी थांबवतो, एकदाही अडत नाही. म्हणून हा थंडीचाच प्रकार असं धरून चाललोय.

बॅटरी नवी टाकली, चारी प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली. साडेआठ हजार गेले, फरक काही नाही. आता गॅरेजवाले म्हणतात ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) गेलंय, बावीस हजार लागतील. तेही घालू, पण घालूनही तसंच राहिलं तर? गेल्या गुरुवारी तिला पोहोचायला अर्धा तास उशीर झाला. रात्रपाळीच्या सिस्टर तोवर एकट्याच वॉर्ड सांभाळत थांबल्या. तिला ते फार लागलंय.

अजून एक. ती म्हणते, चावी नुसती ऑन करायची, बंद करायची, असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मारला की लगेच लागते. गॅरेजवाले म्हणाले, योगायोग असेल.

पन्हाळा_रोड

पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढल्यापासून सगळ्यांचं हेच चाललंय. ईसीएम नको, पंप बदलून बघा. पेट्रोलचा पंप म्हणतोय मी, जिथं भरता तो.

उद्यमनगर_फिटर

कळंबेकर दादा, ईसीएमला हात लावू देऊ नका. वहिनी सांगतात तो योगायोग नाही, गाडीचं दुखणं तिथंच आहे.

चावी ऑन केली की टाकीतला पेट्रोल पंप साधारण दोन सेकंद चालतो, लाइनमध्ये प्रेशर भरतो आणि थांबतो. आजूबाजूला शांत असेल तर मागच्या सीटखालून बारीक घूंऽ असा आवाज येतो. गाडी बंद केल्यावर ते प्रेशर लाइनमध्येच राहावं म्हणून पंपात एक वन-वे व्हॉल्व्ह असतो. तो गळायला लागला की पेट्रोल हळूहळू टाकीत परत उतरतं. सकाळी लाइन रिकामी, आणि दोन सेकंदांत ती भरत नाही. तीनदा चावी फिरवली की सहा सेकंद मिळतात. वहिनी नेमकं तेच करतात.

आता मला दोन गोष्टी सांगा. ड्युटी सुटल्यावर दुपारी गाडी कशी लागते? तुमच्या रविवारच्या फेरीवरून काही कळत नाही, त्यात ती दहा-पंधरा मिनिटंच उभी असते. दवाखान्यात मात्र आठ तास उभी असते, आणि दुपारी थंडी नसते. दुसरं, टाकीत पेट्रोल किती ठेवता?

पन्हाळा रोडवाले दादा, निव्वळ इथेनॉल थंडीत पेटायला त्रास देतं हे खरं. पण ८० टक्के पेट्रोल असताना आपल्याकडच्या चौदा-पंधरा अंशांत गाडी अडावी असं काही नाही.

कळंबेकर

आत्ताच तिला विचारलं. दुपारी तीनलाही तसंच होतं म्हणाली, भर उन्हात! तिथं तिसऱ्या सेल्फला लागते. मी सकाळचंच धरून बसलो होतो, दुपारचं तिला कधी विचारलंच नाही. पेट्रोल दोनशे-तीनशेचं टाकतो, काटा कायम लालवर. गॅसवरच चालते म्हणून.

उद्यमनगर_फिटर

मग प्रश्न थंडीचा नाही, उभी राहण्याचा आहे.

पंपाला थंड ठेवतं ते भोवतीचं पेट्रोलच. बऱ्याच किटमध्ये गॅसवर असतानाही पंप फिरतच राहतो. टाकी रिकामी म्हणजे तो कोरडा तापत राहतो. शिवाय महिनोन् महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, आणि थंड इंजिन आधी पेटतं ते त्याच हलक्या भागावर. निदान पाव टाकी ठेवत जा.

पंप लगेच बदलू नका, आधी प्रेशर मोजायचा गेज लावून घ्या. लाइन उघडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं, नाहीतर पेट्रोल तोंडावर उडतं. प्रेशर किती येतं ते बघा, मग दहा मिनिटं थांबून किती उरतं ते बघा. पटकन पडलं तर एकतर व्हॉल्व्ह गळतोय, नाहीतर इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारतो तो. इंजेक्टर गळत असेल तर सकाळी पेट्रोलचा वास येतो, प्लग ओला निघतो आणि लागताना काळा धूर सोडते.

स्कॅनर असेलच तर सकाळी सुरू करण्याआधी कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखी हवीत. कूलंट साठ दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय. ईसीएम इंजिन गरम समजून पेट्रोल कमी सोडतं. हा खरा थंडीचा आजार, पण तुमचा तो वाटत नाही.

आणि किट २०२२चं आहे. गॅसच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी लागते. तारीख बघून घ्या.

कळंबेकर

आठ दिवसांनी लिहितोय. दुसऱ्या गॅरेजला गेज लावून घेतला. चावी ऑन केल्यावर प्रेशर सव्वातीन किलो, दहा मिनिटांत अर्ध्या किलोवर. वास नाही, प्लग कोरडे. कूलंट सोळा, हवा पंधरा. सीट उचलून पंप बाहेर काढला तर खालच्या जाळीवर काळपट चिकट गाळ बसला होता, बोटाला लागला तो साबणानं पण निघेना. व्हॉल्व्ह सुटा मिळत नाही, पूर्ण असेंब्ली घालावी लागली, मजुरीसह सात हजार आठशे. जुनं पेट्रोल काढून पंधरा लिटर ताजं भरलं.

आज पाचवी सकाळ. ती चावी दोनदा फिरवायला लागली होती, मी म्हटलं, सरळ मार. पहिल्या सेल्फला लागली.

फिटर दादा, मनापासून आभार. सिलिंडरची पाटी पण बघितली, टेस्टची तारीख गेल्या महिन्यातच उलटून गेलीय. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या बाजूला टेस्ट कुठं करून मिळते, आणि सिलिंडर किती दिवस ठेवून घेतात, कुणाला माहीत असेल तर सांगा. तोवर पेट्रोलवरच चालवतोय.